'ओन्ली' : अर्थ आणि उपयोग

इंग्रजीतील अवघड शब्द आपण शब्दकोशात पाहून पाठ करतो. रोजच्या वापरातील लहान शब्दांकडे मात्र दुर्लक्ष होते आणि पुष्कळदा अशाच शब्दांपायी वाक्य चुकते. 'ओन्ली' हे क्रियाविशेषण त्यांपैकीच एक. त्याचे अर्थ आणि वाक्यातील त्याची जागा यांचा येथे थोडक्यात विचार करू.

अर्थ : 'फक्त', 'केवळ' किंवा 'च' हा मुख्य अर्थ. 'ओन्ली फाइव्ह स्टुडंट्स केम' म्हणजे पाचच विद्यार्थी आले. 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो' ही जोडी 'एवढेच नव्हे, तर हेही' असे सांगते. 'इफ ओन्ली आय हॅड स्टडीड!' यात हळहळ आहे : अभ्यास केला असता तर किती बरे झाले असते! 'ओन्ली सन' म्हणजे एकुलता एक मुलगा. येथे हाच शब्द विशेषण होतो. चेकवर अक्षरी रकमेपुढे 'ओन्ली' लिहितात, ते त्या रकमेपुढे कोणी काही वाढवू नये म्हणून.

जागा : पुढील वाक्ये पाहा. शब्द तेच, अर्थ चार.

१) ओन्ली सुजाता लेंट मी द बुक. (सुजातानेच दिले, दुसऱ्या कोणी नाही.)
२) सुजाता ओन्ली लेंट मी द बुक. (फक्त वापरायला दिले, कायमचे नाही.)
३) सुजाता लेंट ओन्ली मी द बुक. (मलाच दिले.)
४) सुजाता लेंट मी ओन्ली द बुक. (पुस्तकच दिले, वही नाही.)

बोलताना आवाजाच्या जोरावरून अर्थ कळतो. कागदावर तो जोर दिसत नाही. म्हणून लिहिताना ज्या शब्दावर भर द्यायचा, त्याच्या लगत आधी 'ओन्ली' ठेवावा.

मराठीत 'च' शब्दाच्या मागून येतो. त्या सवयीने आपण 'आय केम येस्टरडे ओन्ली' असे बोलून जातो. आपल्याकडे बोलण्यात ते चालते. पण अर्जात किंवा उत्तरपत्रिकेत 'आय केम ओन्ली येस्टरडे' असेच लिहावे.

आणखी एक नियम : 'ओन्ली देन' किंवा 'ओन्ली आफ्टर' याने वाक्य सुरू झाले, तर पुढे प्रश्नार्थक वाक्यासारखी रचना येते. उदाहरणार्थ, 'ओन्ली देन डिड ही अँडरस्टँड'.

या शब्दाचे मोल किती, हे भारतीय संविधानात दिसते. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. दिनांक २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या या संविधानाच्या इंग्रजी पाठात कलम १५(१) आणि कलम १६(२) यांमध्ये 'ओन्ली' आला आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून राज्याने नागरिकांत भेदभाव करू नये, हा पहिल्याचा आशय. दुसरे कलम सरकारी नोकरीसंबंधी तेच सांगते. येथे 'ओन्ली' हा 'कारणे' या शब्दाला लागून आहे. तो 'नागरिक' या शब्दाजवळ नेला, तर सारा अर्थ पालटेल. शैक्षणिक पात्रतेच्या कसोटीवर उमेदवार नाकारता येतो. केवळ जातीवरून नाही.

कलम १७ मात्र अस्पृश्यता नष्ट करते आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील पालन निषिद्ध ठरवते. तेथे 'ओन्ली' नाही. कारण तेथे कसलीही मर्यादा घालायची नव्हती. शब्द कोठे आहे हे जसे पाहावे, तसे तो कोठे नाही हेही पाहावे. ज्याला आपले हक्क वाचून समजून घ्यायचे आहेत, त्याने व्याकरण क्षुल्लक मानू नये.

स्वाध्याय : इंग्रजीत लिहा आणि आपसांत ताडून पाहा.

१) दहाच मिनिटे उरली आहेत.
२) तिने मलाच पत्र लिहिले.
३) तिने मला पत्रच लिहिले, फोन केला नाही.