जुनी इलेक्ट्रिक गिटार : एक ओळख

वार्षिकांकासाठी ‘काहीतरी अभ्यासपर’ लिहून आण, असे सरांनी सांगितले तेव्हा मी एखाद्या संतकवीवर लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु दिवाळीपासून माझा खरा अभ्यास झाला तो एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारीचा. कला शाखेच्या विद्यार्थिनीने चुंबक आणि तारांच्या वेटोळ्यांत नाक खुपसावे काय, असे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. त्यांनी माझ्या चुका दाखवून दिल्या तर उपकारच होतील. आणखी एक कबुली आरंभीच देऊन टाकते : मला गिटार वाजवता येत नाही. अजून.

गिटार मी साडेपाच हजारांना घेतली. एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर त्यातच आला. ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हरे घालून साठवलेले ते पैसे. वस्तुतः ते परीक्षेच्या अर्जासाठी आणि पुढच्या सत्राच्या मेससाठी होते. “स्विच जरा साफ करून घ्या, बाकी एक नंबर,” असे विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले. घरी येऊन पाहते तो एक तार गंजलेली, पहिल्या काही पडद्यांवर बोट दाबले की खरखर, आणि तीन पिकअपपैकी मधला मुका.

आमच्या आप्पांनी गिटारीकडे पाहिले नाही. “कितीला?” एवढेच विचारले. आकडा ऐकून म्हणाले, “एवढ्यात पाच हॉर्सपॉवरची मोटार भरून झाली असती.” आईने विचारले, “आता बेंजो पार्टीत जायाचं काय?” पुढे अर्ज भरायची मुदत आली तेव्हा पैसे आप्पांकडेच मागावे लागले. त्यांनी दिले, पण हातात न देता टेबलावर ठेवले आणि त्यावर पक्कड ठेवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. त्यानंतर पंधरा दिवस आमचे बोलणे ‘जेवलीस का’ इतकेच होते.

आता मूळ विषयाकडे वळते.

सतारीला भोपळा असतो, तंबोऱ्याला असतो, साध्या गिटारीला लाकडाची पोकळ पेटी असते. तारेचा क्षीण आवाज ती पोकळी मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारीला पोकळी नाही. ती भरीव फळी आहे. नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तिचा आवाज तारेखालच्या पिकअपमध्ये तयार होतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबक बनते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकक्षेत्र कमीजास्त होते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधला. तार सेकंदाला ११० वेळा थरथरली की वीजही ११० वेळा मागेपुढे होते. अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवून कर्ण्याला देतो. म्हणून या गिटारीला नायलॉनच्या तारा चालत नाहीत. पिकअपच्या लेखी त्या नसतातच.

पहिली इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेत १९३१ च्या सुमारास जॉर्ज बोशाँ यांनी बनवली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन पद्धतीची होती. आज सर्वत्र दिसणारा दोन शिंगांचा आकार १९५४ साली लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून आला. माझी गिटार त्याच आकाराची एक स्वस्त नक्कल आहे. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे वाचून मला फार धीर आला.

खरखरीचे काय करावे हे कळेना, तेव्हा एका शनिवारी एस.टी.ने मिरजेला गेले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. तिथल्या या दोन्ही वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गिटार घेऊन तिथे जाणे म्हणजे सोनाराकडे पाटा-वरवंटा टाकीला लावायला नेण्यासारखेच होते. पण तारा आणि पडदे यांचे जाणकार मला दुसरे कुठे भेटणार? एका दुकानातल्या वृद्ध कारागिरांनी गिटार हातात घेतली, बोटाने ठोकली आणि म्हणाले, “हिचा भोपळा कुठं राहिला?” मग तार छेडून खरखर ऐकली आणि हसले. “अहो, ही तर जवारी! आमच्याकडं हिच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतंय.”

त्यांचे म्हणणे खरे होते. सतारीची घोडी पसरट असते आणि तिचा माथा अगदी सूक्ष्म उताराने घासलेला असतो. थरथरणारी तार त्या उताराला चाटून जाते आणि स्वराला झणकार येतो. हीच जवारी. ती काढायला कसलेला हात लागतो, आणि घोडी झिजली की ती पुन्हा काढावी लागते. गिटारीत तार घोडीच्या धारेवर टेकते आणि तिथून पुढे कशालाही न शिवता थरथरावी अशी अपेक्षा असते. ती पडद्यांना चाटू लागली तर तो दोष. एकाच आवाजाला एका वाद्यात कारागिरी म्हणायचे आणि दुसऱ्यात बिघाड, याची मला मोठी गंमत वाटली.

त्यांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून दांडीवरून नजर टाकली. “दांडी पाठीकडं गेलीय,” म्हणाले. “आत सळई असेल, ती जास्त आवळलीय.” सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोंच्या आसपास असतो. त्याने दांडी पुढे वाकू नये म्हणून आत एक लोखंडी सळई घातलेली असते. ती जास्त आवळली की दांडी उलटी वाकते आणि तारा पहिल्या पडद्यांना चाटतात. “पाव आटा सैल करा. घाई करू नका, लाकूड सावकाश ऐकतंय.”

निघताना त्यांनी एक तार तंबोऱ्याच्या षड्जाशी मिळवली आणि मला चौथ्या पडद्यावर बोट ठेवायला सांगितले. मी छेडले. त्यांनी मान हलवली. “गंधार चढा आहे.” मला काही फरक कळला नाही. घरी येऊन मात्र हिशेब मांडला, तो इथे देते. कारण माझ्या मते या लेखात शिकण्यासारखे काही असेल तर हेच.

माझ्या गिटारीच्या उघड्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर आहे. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ वर. तिथे तार निम्मी होते आणि तार षड्ज मिळतो. मधल्या अंतरात बारा स्वर सारख्या प्रमाणात बसवायचे, तर प्रत्येक पडद्याला उरलेल्या लांबीला १.०५९४६ ने भागायचे. ही बाराव्या घाताला दोन होणारी संख्या. पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येतो, दुसरा त्याच्या पुढे ३४.३ वर, अशी अंतरे आखडत जातात. मी फूटपट्टी लावून पाहिली, जुळतात. सातवा पडदा, म्हणजे पंचम, २१५.५ वर आहे. तंबोऱ्याशी जुळणारा पंचम तारेचा एक तृतीयांश भाग सोडून, म्हणजे २१६ वर मिळतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कान सोडून देतो. पण शुद्ध गंधार एक पंचमांश भाग सोडून मिळतो, म्हणजे १२९.६ वर, आणि गिटारीचा चौथा पडदा आहे १३३.७ वर. चार मिलिमीटर पुढे! त्या वृद्ध गृहस्थांनी गणित न करता हे चार मिलिमीटर ऐकले होते.

सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. गंधार चढा वाटला तर वादक पडदा सरकवतो आणि पुढे जातो. गिटारीचे पडदे ठोकून बसवलेले. कोणत्याही स्वराला षड्ज मानून वाजवता यावे म्हणून प्रत्येक स्वराकडून थोडी थोडी तडजोड आधीच घेऊन ठेवली आहे. पेटीवर आपल्याकडच्या गवयांनी जो आक्षेप घेतला तो नेमका हाच. मी गवय्यांची बाजू घेते. पण गिटार विकणार नाही.

सळई सैल करायला अ‍ॅलन-की हवी होती, ती आप्पांच्या दुकानात. दुपारी ते जेवायला गेले असतील अशा बेताने मी गेले. ते तिथेच होते. मी काही न बोलता किल्ली उचलली आणि बाकावर गिटार ठेवून सळईला लावली. “थांब,” आप्पा म्हणाले. “किती फिरवणार? आधी माप घे.” शेजारच्या गॅरेजमधून त्यांनी फिलर गेज मागवून घेतला. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबली की मधल्या पडद्यावर पाव मिलिमीटर फट दिसावी, असे मी वाचले होते. फट शून्य होती. पाव आटा सैल केला, रात्रभर ठेवली, सकाळी पुन्हा पाव. तिसऱ्या दिवशी पाती आत गेली आणि खरखर गेली.

मग त्यांनीच विचारले, “आणि मुकं कोण हाय ह्यातलं?”

पिकअप बाहेर काढून दिला. आप्पांचा हात सवयीने सिरीज बल्बकडे गेला, पण तारेची जाडी पाहून त्यांनी तो मागे घेतला आणि मीटर उचलला. चांगले दोन पिकअप सहा किलो-ओहमच्या आसपास दाखवत होते. मुक्याचा काटा जागचा हलेना. “तुटलीय. किती वेढे असतात?” सात ते आठ हजार, मी म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला. मोटारीच्या एका वेटोळ्यात शंभरही नसतात. पिकअपची तार ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसाहून बारीक; आणि सगळी उलगडली तर एक किलोमीटरच्या आसपास भरेल. “म्हंजे मोटारीच्या उलट,” आप्पा म्हणाले. “आम्ही वीज देतो, ती फिरती. ही हलती, वीज देती.” हा परिच्छेद समजायला मला तीन दिवस लागले होते.

तार बाहेरच्या टोकाला, डागाजवळच तुटली होती हे नशीब. आतल्या टोकाला असती तर सगळे वेढे उलगडावे लागले असते. आप्पांनी चिमट्याने अर्धा वेढा सोडवला. मोटारीच्या तारेचे लॅकर खरवडावे लागते. हिचे डागणीच्या उष्णतेनेच जळून जाते. पहिला डाग धरला नाही. दुसऱ्या वेळी तार पुन्हा तुटली आणि आणखी एक वेढा खर्ची पडला. तिसरा धरला. मीटर म्हणाला ५.८.

एक खोड मात्र राहिली आहे, आणि ती या जातीचीच आहे. एका वेटोळ्याचा पिकअप तारेप्रमाणेच आसपासच्या विजेचेही चुंबकक्षेत्र पकडतो, म्हणून घरातल्या ५० सायकलच्या विजेचा गुणगुणाट कर्ण्यातून येत राहतो. त्यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलटसुलट गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकअप काढला. त्यात दोघांचा गुणगुणाट एकमेकांना खोडतो. माझ्या गिटारीत तो नाही. दुकानाच्या भिंतीपलीकडे माझी खोली. आप्पा भरलेली मोटार तपासायला चालू करतात तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर घुमू लागतो. हल्ली मोटार लावण्याआधी ते भिंतीवर पक्कड आपटतात, मी आवाज कमी करते.

घोडीवरचा पाचव्या तारेचा स्क्रू झिजलेला आहे, त्यामुळे ती तार बाराव्या पडद्यावर अजून चढी बोलते. त्या मापाचा स्क्रू आप्पांच्या डब्यात नाही. पुढच्या शनिवारी ते सामानासाठी सांगलीला जाणार आहेत. जुना स्क्रू कागदात गुंडाळून त्यांच्या खिशात ठेवला आहे.