रक्तकर्करोगातील क्लम : अर्धशक्ती व्यायाम व आहारयोजना

ल्युकेमिया, लिम्फोमा वा मल्टिपल मायलोमा यांची केमोथेरपी चालू असलेले, तसेच ती नुकतीच पूर्ण झालेले रुग्ण वैद्यांकडे येतात तेव्हा त्यांची मागणी बहुधा एकच असते : "अंगात ताकद नाही, काही शक्तीचे औषध द्या." या मागणीस संपूर्ण विश्रांती व एखादा लोहकल्प अशी दोन उत्तरे सर्रास दिली जातात. ही दोन्ही उत्तरे अशा रुग्णांत का तपासून घ्यावीत व त्यांऐवजी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्लमाचे स्वरूप व परीक्षण

श्रमाविना उत्पन्न होणाऱ्या व श्वासरहित अशा थकव्यास सुश्रुतांनी शारीरस्थानात 'क्लम' अशी संज्ञा दिली आहे. कर्करोगातील थकवा नेमका असाच असतो. तो केलेल्या कामाच्या मानाने अधिक असतो आणि झोपेने वा विश्रांतीने जात नाही. 'श्वासरहित' हे विशेषण चिकित्सकाने विशेष ध्यानात ठेवावे. थकव्यासोबत धाप लागत असेल तर पांडुता, फुप्फुसातील संसर्ग अथवा डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने हृदयावर झालेला परिणाम यांचा शोध आधी घेतला पाहिजे.

रुग्णास आपला थकवा ० ते १० या मापात सांगावयास लावावा. ४ वा त्याहून अधिक अंक असल्यास हिमोग्लोबिन, थायरॉइड, वेदना, निद्रा, विषाद व वजनातील घट यांची चौकशी अवश्य करावी. डेक्सामेथासोन घेणाऱ्या रुग्णास निद्रानाश होतो व मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. खुर्चीवरून हाताच्या आधाराविना उठता येते का, हे पाहिले तरी हा क्षय ध्यानात येतो.

व्यायाम

अंथरुणाला खिळल्याने मांसक्षय वाढतो, मांसक्षयाने थोडेही काम जड होते आणि रुग्ण पुन्हा अंथरूण धरतो. हे चक्र तोडावयाचे आहे. २०१९ साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात रक्ताच्या कर्करोगाच्या १,८९२ प्रौढ रुग्णांवरील १८ चाचण्यांचा विचार झाला. चालण्यासारख्या व्यायामाने थकवा बहुधा कमी होतो, मात्र आयुर्मर्यादा वाढते असे दिसत नाही, हा त्याचा निष्कर्ष आहे. रुग्णास सांगतानाही हीच मर्यादा पाळावी.

सुश्रुतांनी रक्तपित्त, कृशता व शोष यांत व्यायाम निषिद्ध मानला आहे. परंतु त्याच अध्यायात शरीरास फार पीडा न देणारे चंक्रमण बल व अग्नी वाढविणारे म्हणून सांगितले आहे. या रुग्णांस हाच मार्ग युक्त होय. आरंभी दिवसातून दोन-तीन वेळा पाच मिनिटे सपाट जागी चालावे आणि दर आठवड्यास दोन-तीन मिनिटे वाढवीत आठवड्यातून तीन दिवस तीस मिनिटांपर्यंत जावे. त्यास खुर्चीवरून उठ-बस करण्याची जोड द्यावी. मुखाने श्वास सुरू होणे हे बलार्धाचे लक्षण, तेथे थांबावे. चालताना बोलता येत असेल तर मात्रा योग्य आहे. हे अर्धे बल रुग्णाच्या आजच्या बलाचे; आजारापूर्वीच्या नव्हे.

पुढील स्थितींत उपचार करणाऱ्या रक्तरोगतज्ज्ञाच्या अनुमतीविना व्यायाम सांगू नये : हिमोग्लोबिन ८ ग्रॅमहून कमी, प्लेटलेट २०,००० हून कमी, कोणताही रक्तस्राव, छातीत दुखणे. प्लेटलेट ५०,००० हून कमी असताना वजन उचलण्याचे व्यायाम टाळावेत. मायलोमात अस्थी पोखरलेल्या असतात. तेथे कंबरेतून वाकणे, पीळ देणे व ओझे उचलणे वर्ज्य समजावे. केमोथेरपी चालू असता ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक झाल्यास ज्वरघ्न चिकित्सेत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. श्वेतपेशी घटलेल्या असता काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

आहार

अग्निमांद्य असता पेया, विलेपी, यूष व मांसरस असा संसर्जनक्रम उपयुक्त ठरतो. मात्र तो चढावयाचा जिना आहे. प्रधान शुद्धीनंतरही तो सात दिवसांत संपतो. येथे तर रुग्णास आठवडेच्या आठवडे भाताच्या पेजेवर ठेवलेले आढळते. पेजेत प्रथिने अत्यल्प असतात. कर्करोगाच्या रुग्णास दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने व २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा लागते, म्हणजे ५० किलो वजनास ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून ८ ग्रॅम आणि मूठभर म्हणजे ३० ग्रॅम मूगडाळीतून ७ ग्रॅम मिळतात. म्हणून मुगाचे घट्ट वरण, तूप घातलेली खिचडी, उकडलेले अंडे, ताजे पनीर, मांसरस असे थोडे-थोडे पाच-सहा वेळा द्यावे. वृक्क बिघडलेले असल्यास प्रथिनांची मात्रा तज्ज्ञास विचारून ठरवावी. अन्न ताजे, पूर्ण शिजलेले व गरम असावे. कच्चे मोड, न तापविलेले दूध व उघड्यावरचा रस टाळावा.

औषधविक्रेत्यांसाठी

पांडुता दिसताच लोहभस्म, नवायस वा मंडूर देण्याची प्रथा येथे घातक ठरू शकते. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि जादा लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीरास नाही. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णाच्या यकृतात व हृदयात ते साठते. फेरिटिन पाहिल्याशिवाय लोहकल्प देऊ नये.

त्रिकटूतील पिपेरीन औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांस रोखू शकते; इमॅटिनिब, इब्रुटिनिब यांसारख्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण याच विकरांवर अवलंबून असते. कच्च्या चूर्णांत बुरशीचे बीजाणू असू शकतात, म्हणून श्वेतपेशी कमी असता ती देऊ नयेत. स्टेरॉइडने रक्तशर्करा वाढलेल्या रुग्णास च्यवनप्राशातील साखरही बाधते. म्हणून कोणताही कल्प देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कोणती गोळी वा केमोथेरपी चालू आहे? किती वेळा रक्त घेतले? शेवटचा रक्ततपासणीचा अहवाल कोठे आहे? उत्तर न मिळाल्यास कल्प देऊ नये व रुग्णास त्याच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. अशा वेळी औषध न देणे हीही चिकित्साच होय.