‘फटफटी’ अशुद्ध मराठी आहे का?

प्रश्न : माझ्या मुलीने निबंधात ‘कृष्णेचं पाणी खळखळतं’, ‘बाबांची फटफटी’ असं लिहिलं. ‘गावठी शब्द टाळा’ असा शेरा मिळाला. हे शब्द चुकीचे आहेत का?
– एक पालक, वाई

उत्तर : मुळीच नाहीत. निश्चिंत राहा. व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. मोल्सवर्थच्या 1857च्या मराठी-इंग्रजी कोशातही असे शब्द ध्वनीच्या अनुकरणाची खूण करून मानाने नोंदवले आहेत. पक्ष्यांची नावे बऱ्याचदा आवाजावरून पडतात, हे ‘काक’ शब्दाचा दाखला देऊन प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने ‘निरुक्त’ या ग्रंथात सांगितले आहे. इंग्रजीतला ‘कुकू’ही तसाच. इंजिनाच्या फटफट आवाजावरून ‘फटफटी’ झाली, ती याच रीतीने.

वर्णनात, गोष्टीत, संवादात हे शब्द खुशाल वापरू द्या. अर्जात किंवा तक्रारीत मात्र ‘मोटारसायकल’ लिहावे. तिथे प्रश्न शुद्धतेचा नसून प्रसंगाचा असतो. एक सावधगिरी बाळगा : शब्द दोनदा आला म्हणजे तो आवाजावरूनच आला, असे नाही. ‘हळूहळू’ पूर्णाभ्यस्त आहे, म्हणजे त्यात पूर्ण शब्दच पुन्हा येतो; ‘शेजारीपाजारी’ अंशाभ्यस्त, म्हणजे त्यात शब्दाचा काही भागच पुन्हा येतो.

वर्गशिक्षकांना शब्दकोशातली नोंद दाखवून शांतपणे बोला. मुलीला मात्र तिचे शब्द बदलायला लावू नका.