भरवसा देवावर, तयारी आपली



फेब्रुवारी महिना उजाडला की आपल्या चर्चमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात. संत गोन्सालो गार्सिया यांचा सण येतो, आणि दहावी-बारावीच्या मुलांची हॉल तिकिटे व पेने आशीर्वादासाठी वेदीजवळ येऊन पडतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे आम्हाला आजवर वाटले नव्हते. यंदा सणाच्या निमित्ताने धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही संतांचे चरित्र सांगत होतो. मध्येच दहावीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, काय बोलायचं याची आधी तयारी करू नका, असं येशूनेच सांगितलंय ना? मग आमचा अभ्यास कशाला?"

वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि पुढे गेलो. पण घरी आल्यावर बायबल उघडले, तेव्हा लक्षात आले की मुलाने चुकीचे काही सांगितले नव्हते. लूकच्या शुभवर्तमानात २१ व्या अध्यायात (ओवी १४ व १५) प्रभू येशू शिष्यांना खरोखरच तसे सांगतो. तुम्हाला राजांपुढे नेतील, तेव्हा उत्तराची आधीपासून जुळवाजुळव करू नका. शब्द आणि शहाणपण मी देईन. आणि त्याच लूकच्या १४ व्या अध्यायात (ओवी २८ ते ३०) तोच प्रभू बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. आधी बसून खर्चाचा हिशेब न केल्यास पायाच काय तो घातला जाईल आणि जाणारे-येणारे लोक हसतील. मग आपण बसून हिशेब करायचा की करायचा नाही?

नीट वाचले तर दोन्ही ठिकाणचे प्रसंग वेगळे आहेत. २१ व्या अध्यायात प्रभू छळाविषयी बोलत आहे. पकडून नेलेल्या माणसाच्या हातात वेळ नसतो, वकील नसतो, पुस्तक नसते. त्या घटकेला पुरेल असे वचन तो देत आहे. वर्षभर हाताशी असलेला वेळ वाया घालवणाऱ्याला दिलेली ही सवलत नव्हे. पेत्र आणि योहान अशिक्षित होते, तरी धर्मसभेपुढे कसे धीटपणे बोलले, असे आपण नेहमी म्हणतो. पण त्याच ठिकाणी (प्रेषितांची कृत्ये ४:१३) त्या सभेच्या लोकांनी ओळखले की ही माणसे येशूच्या सहवासात होती. पाठशाळेत ती गेली नसतील, प्रभूच्या मागून मात्र गालीलभर फिरली होती. ऐनवेळी त्यांच्या तोंडी आलेला शब्द त्या सहवासात मुरलेला होता.

जुन्या करारातला नहेम्या याबाबतीत आमचा आवडता माणूस आहे. त्याच्याविषयी आपल्याकडे प्रवचने फारशी होत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. इ.स.पूर्व ४४५ च्या सुमारास तो शूशन नगरात पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा कोट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजापुढे विषय निघाला तो नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. राजाने विचारले, "तुझी मागणी काय आहे?" नहेम्याने आधी मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि मग उत्तर दिले.

ते उत्तर दुसऱ्या अध्यायात मुद्दाम वाचा. किती दिवस लागतील, हे त्याने सांगितले. नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावे पत्रे मागितली. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे इमारती लाकडाची चिठ्ठी मागितली. कशाकशासाठी लाकूड हवे तेही सांगितले, अगदी स्वतःच्या राहत्या घरासकट. चार महिने गुडघ्यावर असलेल्या माणसाला रखवालदाराचे नावसुद्धा ठाऊक होते! आणि राजाने सगळे दिले, तेव्हा नहेम्या स्वतःच्या हुशारीची फुशारकी मारत नाही. देवाचा कृपाहस्त माझ्यावर होता म्हणून मिळाले, असे तो लिहितो. कोट ५२ दिवसांत उभा राहिला. प्रार्थना कुठे संपली आणि तयारी कुठे सुरू झाली, हे त्या चार महिन्यांत वेगळे काढता येत नाही.

आता आपल्या वसईच्या संताकडे येतो.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म साधारण १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईतल्या येशूसंघीय फादरांच्या हाताखाली ते शिकले. किल्ल्यात येशूसंघाच्या चर्चची दर्शनी भिंत आजही उभी आहे. लग्न ठरलेली जोडपी तिच्यासमोर फोटो काढतात. किशोरवयातच गोन्सालो या फादरांबरोबर जपानला गेले. तिथली भाषा ते उत्तम शिकले. धर्मशिक्षक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. लहान मुलांना, साध्यासुध्या माणसांना त्यांच्या बोलीत श्रद्धेची शिकवण दिली. त्यांच्या मनात एकच होते, येशूसंघात प्रवेश घ्यायचा. तो प्रवेश त्यांना मिळाला नाही.

शेवटी ते बाहेर पडले आणि व्यापारी झाले. धंदा चांगला चालला. चरित्रातला हा भाग आपण सणाच्या प्रवचनात एका वाक्यात उरकतो, कारण आपल्याला क्रुसापर्यंत पोहोचायची घाई असते. पण जरा थांबून बघा. मायदेश सोडून इतक्या दूर गेलेला तरुण, सगळे उमेदीचे दिवस ज्यासाठी घातले ते दार बंद, आणि हातात आता मालाच्या नोंदीची वही. त्या काळात वसईतल्या कोणी त्यांना पाहिले असते, तर काय म्हटले असते? "फादर व्हायला गेला होता, दुकानदार झाला." आपण वेगळे काही म्हटले असते असे आम्हाला वाटत नाही.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन्समधल्या मनिला शहरात गेले. तिथे त्यांची फ्रान्सिस्कन संघाशी गाठ पडली आणि त्या संघात ब्रदर म्हणून त्यांनी व्रते घेतली. गुरुदीक्षा त्यांना कधीच मिळाली नाही. १५९३ साली मनिलाच्या गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना पाठवले. प्रसंग बाका होता. फिलिपाइन्सने आपल्यापुढे मान तुकवावी अशी हिदेयोशीची मागणी होती, आणि मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम त्याने १५८७ सालीच काढलेला होता. अशा माणसापुढे उभे राहून एकेक शब्द तोलून बोलू शकेल असा दुभाषा हवा होता. ब्रदर गोन्सालो निघाले.

ही भाषा ते दरबारासाठी शिकले नव्हते. क्रुसाची खूण कशी करायची, हे मुलांना समजावता यावे म्हणून शिकले होते. मनिलात निरोप आल्यावर ती शिकायला बसले असते, तर जहाज निघून गेले असते.

फ्रान्सिस्कनांना राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी क्योटोत चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले. मग १५९६ च्या अखेरीस 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून हिदेयोशीच्या मनात संशय पेटला आणि धरपकड सुरू झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापली गेली, त्यांची धिंड काढली गेली. क्योटोपासून नागासाकीपर्यंत, भर हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभर त्यांना चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

इथे "बघा, येशूसंघाने नकार दिला म्हणूनच ते संत झाले" असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याच्या वाट्याला नकार आला आहे त्याला असे सांगणे फार सोपे असते. ऐकणाऱ्याच्या मात्र ते जिव्हारी लागते. शिवाय त्या २६ जणांतल्या आणखी दोघांची गोष्ट पाहिली, तर हिशेब इतका सरळ जुळतही नाही.

पहिले मेक्सिकोचे ब्रदर फेलिपे. तरुणपणी ते तिथल्या फ्रान्सिस्कन संघातून शिक्षण अर्धवट टाकून परतले होते. मनिलात आल्यावर पुन्हा त्याच संघात गेले आणि या वेळी टिकले. मनिलात त्या वेळी बिशप नव्हते, म्हणून गुरुदीक्षेसाठी त्यांना मायदेशी पाठवण्यात आले. ज्या जहाजाने ते निघाले ते 'सान फेलिपे'. घरी आईवडिलांच्या साक्षीने वेदीवर चढायचे होते. ते नागासाकीला क्रुसावर चढले.

दुसरे जपानचे पॉल मिकी. येशूसंघाच्या सेमिनरीत किशोरवयापासून शिकलेले, नावाजलेले प्रवचनकार. तेही गुरुदीक्षेपर्यंत पोहोचले नव्हते. क्रुसावर बांधल्यावर त्यांनी जमलेल्या लोकांना प्रवचन दिले आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. आमच्या वर्गातल्या मुलाने विचारलेली लूकची ओवी अक्षरशः खरी झाली ती इथे. त्या दिवशी काय बोलायचे याचा कागद त्यांनी नक्कीच तयार केला नव्हता. बोलता मात्र आले, कारण रिकामे भांडे घेऊन ते तिथे गेले नव्हते.

तीन माणसे, तिघांची तयारी वर्षांची, आणि वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचे भाग्य तिघांपैकी एकालाही नाही. अभ्यास केला की फळ ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी मिळते, असा करार देवाने कोणाशी केलेला नाही. आपल्या वाडीत पाणी शिंपणारा माणूस हे जाणतो. एका रात्रीच्या वाऱ्यात केळीची बाग आडवी होते, म्हणून पुढच्या वर्षी तो लागवड थांबवत नाही.

आता जे लिहायचे आहे ते जड जाते. काही वर्षांपूर्वी आपल्याच धर्मग्रामातला एक मुलगा सेमिनरीतून परत आला. जाताना आपण त्याला हार घातला होता, आईवडिलांना पहिल्या बाकावर बसवले होते. परत आल्यावर चर्चच्या आवारात त्याला विचारलेले प्रश्न आम्हाला आठवतात, कारण त्यातला एक आमचा होता: "काय रे, झेपलं नाही का?" आम्ही थट्टेत विचारले होते. त्यानंतर कित्येक महिने तो दुसऱ्या चर्चमध्ये मिस्सेला जात होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्याच्या आईला आपल्यातल्या काहींनी सांत्वनाच्या सुरात भेटी दिल्या, जणू घरात कोणी गेले आहे. चार वर्षे त्याने पवित्र शास्त्राचा अभ्यास केला होता, आजाऱ्यांच्या उशाशी बसायला तो शिकला होता. यातले काय वाया गेले, हे ठरवणारे आपण कोण? त्याची आम्ही मागेच क्षमा मागितली आहे. त्याने ती मोठ्या मनाने दिली, आणि हे लिहिण्याची परवानगीही दिली.

पाचारण हा शब्द आपण फादर-सिस्टरांपुरता राखून ठेवला आहे, हेही या सगळ्याच्या मुळाशी असावे. नर्सिंगला जाणारी मुलगी, बी.एड. करणारा मुलगा, वडिलांची वाडी सांभाळायला घरी थांबलेला थोरला, यांनाही कोणी तरी हाक मारलेली असते. त्यांच्या तयारीसाठी आपण नोव्हेना बोलतो का? बोलतो, पण फक्त निकालासाठी! "देवा, पास कर." निकाल लागला की मेणबत्ती, नाही लागला की मुलगा घराबाहेर पडत नाही. पुस्तक न उघडता मेणबत्ती लावणाऱ्यांविषयी आम्ही बोलत नाही. त्यांच्या आया त्यांना पुरेसे बोलतात. आम्हाला काळजी आहे ती रात्र-रात्र जागून अभ्यास करणाऱ्या, आणि एक पेपर अवघड गेला तर सगळे संपले असे धरून चालणाऱ्या मुलांची. त्यांना गोन्सालोंची व्यापारातली वर्षे सांगा, क्रूस नंतर सांगा. आणि पेपरच्या आदल्या रात्री त्यांना झोपू द्या. पेरलेले बी शेतकरी झोपलेला असतानाही वाढते, हा दाखला (मार्क ४:२६-२८) प्रभूने उगाच दिलेला नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही. या रविवारी वर्गात लूकचे दोन्ही अध्याय मुलांकडूनच वाचून घेणार आहोत. पालकांनीही मागच्या बाकांवर येऊन बसायला हरकत नाही.

पुढील रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर हॉल तिकिटांना व पेनांना आशीर्वाद दिला जाईल. पेनाबरोबर प्रत्येकाने स्वतः सोडवलेली एक सराव प्रश्नपत्रिकाही वेदीजवळ ठेवावी, अशी आमची विनंती आहे; बरोबर किती आले ते कोणी पाहणार नाही. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्या दिवशी दोन हेतू असतील: परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, आणि एखाद्या वाटेवर निघून अर्ध्यातून परतलेल्या आपल्या मुलामुलींसाठी. दुसरी प्रार्थना वाचायला एक जण तयार झाला आहे.