इंग्रजी शब्दपाठ : ‘स्प्लॅश’

औषधांच्या डब्यांवर व त्यांबरोबर येणाऱ्या पत्रकांत कांहीं इंग्रजी क्रियापदें वारंवार आढळतात. त्यांपैकीं ‘स्प्लॅश’ या शब्दाचा विचार आम्ही या पाठांत करीत आहों. याचा अर्थ ‘शिंपडणें’ असा शाळेंत पाठ केल्याचें पुष्कळांस स्मरत असेल. तो अर्थ अपुरा असून शेतकऱ्यास प्रसंगीं घातकही आहे.

शिंपडण्यांत हेतु असतो. अंगणांत सडा घालणारी बाई पाणी कोठें पडावें हें स्वतः ठरविते. यास इंग्रजींत ‘स्प्रिंकल’ म्हणतात. पंपानें बारीक तुषार उडविणें तें ‘स्प्रे’, म्हणजे आपली फवारणी; औषधाचें पाणी झाडाच्या मुळाशीं ओतणें तें ‘ड्रेंच’, म्हणजे आळवणी. ‘स्प्लॅश’मध्यें मात्र आघात मुख्य. द्रव पदार्थ कशावर तरी आदळतो व त्याचे शिंतोडे वाटेल तिकडे उडतात. मोटार डबक्यांतून गेली व वाटसरूच्या धोतरावर चिखल उडाला, तर तें ‘स्प्लॅश’. तोंडावर पाण्याचे हबके मारणें हें हेतुपूर्वक असलें, तरी क्रियापद हेंच. पैसा सढळ हातानें खर्च करण्यासही ‘आउट’ हा शब्द जोडून इंग्रज लोक हेंच वापरतात.

आतां डब्यावरील सूचना पाहूं. डोळ्यांत व कातडीवर ‘स्प्लॅश’ होऊं देऊं नये, असें तींत असतें. ही सूचना केवळ फवारणीपुरती आहे असें समजून जो औषध ओततांना चष्मा व हातमोजे घालीत नाहीं, तो फसतो. कारण डब्यांतील औषधांत पाणी मिसळलेलें नसल्यानें त्याचा शिंतोडा अधिक जहाल असतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक माणसें दगावलीं, हें विसरतां येत नाहीं. औषध वाऱ्याकडे पाठ करून, भांडें तोंडापासून दूर धरून, सावकाश ओतावें. डोळ्यांत थेंब गेल्यास स्वच्छ वाहत्या पाण्यानें निदान १५ मिनिटें डोळा धुवावा व डब्यावरील चिठ्ठीसह डॉक्टरांकडे जावें.

हाच शब्द पावसासही लागतो. थेंब उघड्या जमिनीवर आदळतो, मातीचे कण सुटून उडतात व धुपेस तेथूनच आरंभ होतो. संत्र्याच्या डिंक्या रोगाचें बीज मातींतून बुंध्यावर चढतें तें अशाच शिंतोड्यांनीं. डाळिंबाचा तेल्याही पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो. जमिनीवर पालापाचोळ्याचें आच्छादन असलें म्हणजे थेंबाचा आघात तेंच सोसतें आणि माती उडत नाहीं.

सारांश, ‘स्प्लॅश’ हा शब्द दिसतांच काय आदळतें व शिंतोडा कोठें जाईल, हे दोन प्रश्न वाचकांनीं मनाशीं करावे. अर्थ आपोआप उलगडेल आणि डोळेही वांचतील.