दुभत्या जनावरास दिलेल्या औषधाचे गणित

गाईला कासदाह, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील ‘दगडी’, झाला असता पशुवैद्य पेनिसिलीन किंवा तत्सम प्रतिजैविक औषध देतात. दोन-तीन दिवसांत कासेची सूज ओसरते, दुधातील गुठळ्या नाहीशा होतात, गाय पूर्ववत वैरण खाऊ लागते आणि पशुपालक ते दूध पुन्हा संस्थेच्या कॅनमध्ये ओततो. परंतु गाय बरी होणे आणि तिच्या शरीरातून औषध निघून जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. औषधाचा अंश दुधात असला तरी तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, आणि पेनिसिलीनसारखे औषध दूध उकळल्यानेही पुरते नष्ट होत नाही. विरजणातील उपकारक जंतू मात्र त्याने मरतात व दही नीट लागत नाही. ज्यांना पेनिसिलीन सोसत नाही अशा माणसांना ते दूध अपायकारक ठरू शकते. शिवाय अल्प प्रमाणात वारंवार पोटात जाणाऱ्या औषधास रोगजंतू दाद देईनासे होतात. असे दूध किती काळ वर्ज्य करावयाचे, याचे उत्तर अदमासाने देण्याचे नसून ते गणिताने मिळते.

हे गणित समजण्यासाठी गोठ्याजवळील सिमेंटचा हौद डोळ्यांसमोर आणावा. त्यात १००० लिटर पाणी असून १० किलो मीठ विरघळविले आहे. एका नळाने दर तासाला १०० लिटर गोडे पाणी आत येते, तेवढेच पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि आतील पाणी सतत ढवळले जाते. पहिल्या तासात एक किलोपेक्षा किंचित कमी मीठ बाहेर जाईल. परंतु हौदात पाच किलो मीठ उरेल तेव्हा तेवढ्याच पाण्याबरोबर तासाला सुमारे अर्धा किलोच जाईल, आणि एक किलो उरेल तेव्हा सुमारे शंभर ग्रॅम. दहा तासांत हौदाच्या मापाइतके, म्हणजे पुरे १००० लिटर, पाणी वाहून गेलेले असते. हौद आता स्वच्छ झाला असावा असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात त्यात ३ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास मीठ शिल्लक असते. खारवट जमीन धुऊन काढण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

जनावराच्या शरीरातही बहुतांशी हेच घडते. मूत्रपिंडे व यकृत ठराविक वेगाने रक्त शुद्ध करीत असतात. त्या रक्तात औषध जितके दाट, तितके ते अधिक बाहेर पडते. गणिताच्या भाषेत हा नियम असा मांडतात : औषधाचे प्रमाण घटण्याचा वेग = निर्गम-स्थिरांक × त्या क्षणी शिल्लक असलेले प्रमाण. ज्या समीकरणात एखाद्या राशीबरोबर ती राशी बदलण्याचा वेगही गुंतलेला असतो त्यास अवकल समीकरण म्हणतात. नाव अवघड असले तरी आशय सावकारी चक्रवाढ व्याजाचाच आहे, फक्त उलट दिशेचा. येथे मुद्दल वाढत नाही, सतत त्याच टक्क्याने घटत जाते. स्वीडनमधील शास्त्रज्ञ टॉर्स्टन टिओरेल यांनी १९३७ साली औषध टोचलेली जागा, रक्त व शरीराच्या इतर ऊती हे जणू एकमेकांस जोडलेले हौद आहेत असे मानून त्यांची समीकरणे लिहिली. पुढे १९५३ साली जर्मनीतील एफ. एच. डोस्ट यांनी या शाखेस ‘फार्माकोकायनेटिक्स’ हे नाव दिले.

या समीकरणातून निघणारी सर्वांत उपयुक्त संख्या म्हणजे अर्धायुकाल, अर्थात शिल्लक औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ. निर्गम-स्थिरांकाने ०.६९३ या संख्येस भागले की अर्धायुकाल मिळतो. वरील हौदात दर तासाचा स्थिरांक ०.१ असल्याने मीठ दर सात तासांनी निम्मे होते.

आता दुधाचे उदाहरण घेऊ. अखेरची मात्रा दिल्यानंतर दुधात दर लिटरला औषधाचे १०२४ मायक्रोग्रॅम आहेत आणि त्याचा अर्धायुकाल सहा तास आहे असे समजू. दुधातील पेनिसिलीनची आंतरराष्ट्रीय मर्यादा दर किलोस ४ मायक्रोग्रॅम असल्याने आपल्या हिशेबास दर लिटरला तीच संख्या धरू. सहा तासांनी ५१२, बारा तासांनी २५६, पुढे १२८, ६४, ३२, १६, ८ आणि शेवटी ४. म्हणजे आठ अर्धायुकाल, ४८ तास. सहा तासांत निम्मे गेले, तर बारा तासांत सगळे जाईल, हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब येथे फसतो. बारा तासांनी त्या दुधात मर्यादेच्या चौसष्टपट औषध असते.

‘आमच्या एका गाईचे दूध एवढ्या मोठ्या टाकीत मिसळले तर काय बिघडेल?’ असे पुष्कळदा विचारले जाते. याच गाईचे सुरुवातीचे १० लिटर दूध घालून टाकीत एकूण ४०० लिटर दूध झाले, तर औषध चाळीसपट पातळ होऊनही दर लिटरला २५ मायक्रोग्रॅमहून अधिक उरते, म्हणजे मर्यादेच्या सहापट. एका गोठ्याच्या घाईपायी साऱ्या गावाचे दूध परत येते ते असे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते आणि ती पशुपालकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. औषधाची मात्रा दुप्पट झाली तर १०२४ ऐवजी २०४८ पासून मोजावे लागेल, म्हणजे फक्त एक अर्धायुकाल अधिक : ४८ ऐवजी ५४ तास. उलट मात्रा तीच राहून निर्गमाचा वेग निम्म्यावर आला, तर अर्धायुकाल बारा तासांचा होऊन तीच घट होण्यास ९६ तास लागतील. यास्तव ‘औषध किती दिले’ यापेक्षा ‘ते किती सावकाश जाते’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ज्या जनावराची मूत्रपिंडे बिघडली आहेत, जे तापाने पाणी पीत नाही, त्याच्या बाबतीत निरोगी जनावरावरून ठरविलेली मुदत अपुरी पडण्याचा संभव असतो व पशुवैद्याचा स्वतंत्र सल्ला घेणे इष्ट ठरते.

औषधाचे स्वरूपही येथे निर्णायक असते. पाण्यात सहज विरघळणारे पेनिसिलीन शिरेतून दिल्यास गाईच्या रक्तातील त्याचा अर्धायुकाल जेमतेम तासाभराचा असतो. तेच पेनिसिलीन प्रोकेनच्या रूपात स्नायूत टोचले म्हणजे ते टोचलेल्या जागी साठून हळूहळू रक्तात झिरपते. आता समीकरणात दोन पदे येतात. रक्तातील औषध बदलण्याचा वेग म्हणजे झिरपून येणारे वजा बाहेर जाणारे. झिरपणे फार सावकाश असेल तर मूत्रपिंडे कितीही तत्पर असोत, दूध शुद्ध होण्याचा काळ त्या झिरपण्यावरच अवलंबून राहतो. दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने उपचारास सोयीची. परंतु त्यांची किंमत वर्ज्य दुधाच्या रूपाने द्यावी लागते. गाय आटविताना सडात सोडावयाची औषधाची नळी तर मुद्दाम कित्येक आठवडे टिकेल अशी बनविलेली असते, ती दुभत्या गाईस कदापि वापरू नये. तसेच नळी एकाच सडात सोडली तरी औषधाचा काही अंश रक्तावाटे कासेच्या इतर भागांत पोहोचतो. सबब चारही सडांचे दूध वर्ज्य समजावे.

एका हौदाचे गणित सर्वत्र पुरते असे मात्र नव्हे. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असल्याने एरिथ्रोमायसिनसारखी अल्कधर्मी औषधे दुधात अडकून रक्तापेक्षा दाट होतात. जेंटामायसिन मूत्रपिंडाच्या ऊतीस असे चिकटते की रक्त शुद्ध झाल्यावरही त्याचे अंश तेथे कित्येक महिने सापडतात.

जनावर मेले तर निर्गम थांबतो. समीकरणातील स्थिरांक शून्य होतो आणि त्या घटकेस शरीरात असलेले औषध कलेवरात तसेच राहते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली व नंतर लवकरच मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले. तोपर्यंत भारतातील गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या होत्या. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. जनावराच्या शरीरात ज्याचे डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होते त्या ॲसिक्लोफिनॅकवर, तसेच किटोप्रोफेनवर, २०२३ साली बंदी आली. गिधाडांना निर्धोक असे मेलोक्सिकॅम उपलब्ध आहे.

दुधाच्या बाबतीत पशुपालकाने स्वतः समीकरण सोडवीत बसण्याचे कारण नाही. ते काम औषध तयार करणाऱ्यांनी अनेक जनावरांचे दूध तपासून, जनावराजनावरांतील फरकाची सूट धरून केलेले असते व त्याचे फळ वेष्टनावर वर्ज्य काळ म्हणून छापलेले असते. २०१२ साली औषधविषयक नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्या औषधाचा असा काळ ठरविलेला नाही त्याच्यासाठी दुधाकरिता किमान ७ दिवस आणि मांसाकरिता किमान २८ दिवस धरावयाचे आहेत. छापील काळ वेष्टनावर सांगितलेली मात्रा, मार्ग व जनावराची जात यांपुरताच खरा असतो. गाईसाठीचे औषध शेळीस दिले तर तो आकडा लागू पडत नाही, आणि घरी उरलेले औषध आपल्या मनाने पुन्हा टोचले तर मोजणी नव्याने सुरू होते. ही मोजणी पहिल्या इंजेक्शनापासून न करता शेवटच्या इंजेक्शनाच्या घटकेपासून करावी. धार काढणारी माणसे बदलत असतील तर उपचार चालू असलेल्या गाईच्या मागील पायास रंगीत फडके बांधावे आणि शेवटच्या मात्रेची तारीख व वेळ गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावी.