दात किडतो कसा?

दातावरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ, लोखंडाहूनही कठीण! मग दात किडतो कसा? किडा वगैरे काही नसतो. दातांवरच्या चिकट थरातील जीवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला, की कवचातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हे आम्ल शमवते, गेलेले क्षार थोडेफार परतही बसवते. पण त्यासाठी तिला वेळ हवा, निदान अर्धा तास. म्हणून जेवणात दोन पेढे खाल्ले तर एक वेळ चालेल. तीच साखर गोळ्यांतून दिवसभर चघळलीत, तर लाळेला उसंतच मिळत नाही. खड्डा पडला, की तो मात्र आपोआप भरत नाही. झोपेत लाळ फारच कमी सुटते. तेव्हा रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासल्यावर साखरेचे दूधसुद्धा नको.